कवठाला लावलेला कागद

जयाच्या हातांना शिजलेल्या पिठाचा वास येतो. भाकरीचा वास वेगळा, तो कोरडा आणि गरम असतो. हा ओला, जरासा आंबूस. रोज सकाळी नगरपंचायतीच्या मागच्या पडवीत ती स्टोव्ह पेटवते, पातेल्यात पाणी ठेवते, ज्वारीचं मूठभर पीठ गार पाण्यात कालवून हळूहळू आत सोडते आणि लाकडी दांड्याने ढवळत बसते. आधी पांढरं, मग धुक्यासारखं, मग काचेसारखं. बुडबुडे फुटायला लागले की त्यात मोरचुदाचा बारका खडा पडतो. निळा रंग पातेल्यात गोल फिरतो. क्षणभर वाटतं, आभाळच ढवळलं जातंय. मग तो रंग विरतो आणि नुसता कडवटपणा उरतो.

या खळीने आमच्या गावातले कायदे चिकटवले जातात.

गाव तसं लहान. अल्लीपूरची एसटी इथे थांबते, वडनेरचीही थांबते, आणि दोन्ही गाड्या निघून गेल्या की रस्ता पुन्हा आपल्याच सावलीत पडून राहतो. एका टोकाला जिनिंग आहे. थंडीत तिथे कापसाची सरकी निघत असते आणि रुईचे तंतू गावभर तरंगत असतात, झाडांवर, विजेच्या तारांवर, बायकांच्या केसांत. काही वर्षांपूर्वी इथल्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. ग्रामपंचायत होती तेव्हा रामाजी गळ्यात हलगी अडकवून चौकाचौकात उभे राहायचे आणि मोठ्याने सांगायचे, उद्या नळ येणार नाही, डुकरं मोकळी सोडू नका, घराचा ओटा रस्त्यावर आणू नका. नगरपंचायत झाली आणि हलगी खुंटीला गेली. आता सांगायचं ते छापून येऊ लागलं आणि दारावर, भिंतीवर, खांबावर चिकटू लागलं. रामाजी शिपाई म्हणून राहिले. इतकी वर्षं सांगणारे होते, ते आता चिकटवणारे झाले.

जया पुलगावची. रुळांच्या जवळ वाढलेली, घड्याळाकडे न बघता गाडीच्या आवाजावरून वेळ ओळखणारी. लग्न होऊन इथे आली तेव्हा कित्येक महिने तिला दिवसाचे तुकडेच पाडता येत नव्हते. सगळा दिवस एकाच लांब दुपारसारखा वाटायचा. नवरा, धनंजय, नगरपंचायतीत शिपाई होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर जयाला घेतलं. तिच्या वाट्याला बादली, कुंचा आणि कागदांची पिशवी आली. निवृत्त होण्याआधी महिनाभर रामाजींनी तिला सोबत फिरवलं.

"हे पाह्य बाई, कागद लावनं सोपं नाई," ते म्हणायचे. "दिसंल असा लावजो. पन्हाळीखाली नोको, उन्हात नोको, भुरका होते. अन् मोरचूद इसरू नोको. बिना मोरचुदाची खळ म्हंजे बकरीचा नाश्ता."

"अन् बकरीनं खाल्ला त्?"

"त् कागद लावलाच नाई असं समजतेत. पुन्हा नवा कागद, पुन्हा नवी तारीख. एका घराची नोटीस मी पाच खेपा लावली. त्याईनं बकरीच दाराशी बांधून ठेवली होती."

जया हसली. पण तिने लक्षात ठेवलं. कागद सात दिवस जागेवर राहिला तर तो कायदा, नाहीतर बकरीच्या पोटातलं पीठ.

नऊ वर्षं झाली त्याला. या नऊ वर्षांत तिला गाव वेगळ्याच खुणांनी पाठ झालं आहे. कुणाच्या कुंपणाने दीड फूट रस्ता खाल्ला, कुणाचं जुनं घर पडायला आलंय, कुणाच्या अंगणातलं सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात जातं, हे तिला दारांवर वाळलेल्या खळीच्या चौकोनांवरून आठवतं. आणि गावालाही ती त्याच खुणेने पाठ झाली आहे. ती वळणावर दिसली की कुणीतरी आत ओरडतं, "नोटीसवाली आली व!" आणि दार लोटलं जातं. उन्हाळ्यात भर दुपारी कुणी तिला पाणी विचारत नाही. पाणी दिलं तर ती थांबेल, थांबली तर पिशवीत हात घालेल, अशी भीती असावी. तिनेही कधी मनाला लावून घेतलं नाही. कागदावरचं नाव वाचायचं, घर क्रमांक जुळवायचा, कागद लावायचा. दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. नावाच्या खालचं तिने कधी वाचलं नाही. तिला वाटायचं, आतलं ज्याचं त्याने वाचावं. पोस्टमन काय पत्रं वाचतो?

पाणी देणारी एकच होती, आनंदाबाई.

जिनिंगची भिंत संपते तिथे, एसटी थांब्याच्या पलीकडे, कवठाचं एक उंच झाड आहे. त्याच्या बुंध्याशी पोतं अंथरून आनंदाबाई तीस वर्षं बसते आहे. घर शेतकऱ्यांचं, वडनेरकडचं. शेती आता मुलं बघतात. तिला कुणी बस म्हणालेलं नाही की बसू नको म्हणालेलं नाही. "घरी बसलं की घर अंगावर येते," एवढंच ती सांगते. हंगाम असेल तसं तिच्या टोपलीत बोरं, शेंगा, उकडलेले शिंगाडे असतात, आणि माघात झाडाचीच कवठं. पिकलेलं कवठ वरून पडतं, टप्प असा आवाज होतो. आनंदाबाई वर न बघता म्हणते, "आलं का? ये बाप्पा, ये." जसं कुणी पाहुणं एसटीतून उतरलंय.

बुंध्याला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला तारेने अडकवलेलं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं तिचं फेरीवाल्याचं ओळखपत्र. सर्वेक्षणाला आलेला धीरज नावाचा पोरगेला कारकून ते भरताना कवठात गूळ घालून खात बसला होता. इतरांच्या ओळखपत्रांवर प्रभाग आणि रस्त्याचं नाव आहे. आनंदाबाईच्या ओळखपत्रावर, विक्रीचे ठिकाण या रकान्यात, एकच शब्द आहे. कवठाखाली.

"बस व जये," आनंदाबाई रोज म्हणायची. माठातून तांब्या भरायची. "आज कोनाचं घर उठवून आली?"

"कोनाचंच नाई मावशी. एका हॉटेलवाल्याचं छप्पर रस्त्यावर आलतं."

"म्हंजे उठवलंच नं. घे, शेंगा खा. पाप धुऊन जाते शेंगांनं."

जया हसत शेंगा फोडायची. दिवसाचे तुकडे पाडायला तिला आता गाडीचा आवाज लागत नव्हता. एक तुकडा कवठाच्या आधीचा होता आणि एक नंतरचा.

या माघातल्या एका सोमवारी कार्यालयातल्या कारकुनाने तिच्या हातात कागद दिले. जिनिंगच्या भिंतीपासून नाल्यापर्यंत नवी नाली बांधायची होती. सगळ्यात वरच्या कागदावर घर क्रमांक नव्हता. झाडाचा क्रमांक होता. झाड कुठलं, हे कळायला तिला पुढची ओळ वाचावी लागली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला पुढची ओळ वाचल्याचा पश्चात्ताप झाला.

सोबत पंचनाम्याचा फॉर्म होता. त्यावर सोमवारची तारीख कारकुनाने आधीच घातलेली होती. कार्यालयात ती रीतच होती. कागद ज्या दिवशी निघाला त्याच दिवशी लागला, असं धरून चालायचं.

सोमवारी जयाने बाकीचे कागद लावले आणि तो एक पिशवीत ठेवला. जिनिंग बंद होतं. कापसाची आवक थांबली होती आणि हवा इतकी स्वच्छ होती की लांबून येणारी बस आधीच दिसत होती. आनंदाबाईने पाणी दिलं. जया प्यायली. मंगळवारीही तेच झालं. पिशवीतला कागद तिच्या मांडीला लागत होता. वर कवठं लटकत होती, राखाडी, कडक, मुकी. तिला वाटलं, झाडाला माहीत आहे. मग वाटलं, झाडाला काय माहीत असणार, माहीत आहे ते आपल्यालाच.

बुधवारी सकाळी तिने खळ शिजवायला घेतली. जिनिंग पुन्हा सुरू झालं होतं आणि पडवीत रुईचा एक तंतू तरंगत येऊन तिच्या मनगटावर बसला. पीठ खदखदत होतं. मोरचुदाचा खडा तिच्या चिमटीत होता.

नाही टाकला तर? कवठाच्या मागेच नीलेशचा गोठा आहे, त्याच्या पाच बकऱ्या दिवसभर तिथेच हिंडतात. संध्याकाळपर्यंत कागद संपेल. मग नवा कागद, नवी तारीख, आणि तोही बकऱ्या खातील. रामाजींच्या त्या घरासारखी पाच खेपा नोटीस. उन्हाळा निघून जाईल. नालीचं काम पुढच्या वर्षावर जाईल. कुणाला कळणारही नाही.

ती किती वेळ खडा धरून बसली ते तिला सांगता आलं नाही. खळ बुडाला लागल्याचा वास आला तेव्हा तिने खडा आत सोडला. का, हे मी तिला नंतर एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "आनंदामावशीसाठी खळ खोटी केली, त् मग बाकी लोकायच्या दाराले खरी काऊन लावली मी इतके वर्सं?"

तिने कागद लावला तेव्हा आनंदाबाई टोपलीतली बोरं निवडत होती. जयाने कुंचा फिरवला, वरून खाली, मग आडवा. खळ ओली होती आणि रुई उडत होती. बघता बघता कागदाच्या चारी कडांना पांढरे तंतू चिकटले. म्हाताऱ्या माणसाच्या दाढीसारखे दिसत होते.

"हे काय लावून राह्यली?" आनंदाबाईने विचारलं.

"नोटीस हाय, मावशी."

"कोनाची? माही?"

"तुही नाई. झाडाची. नाली येऊन राह्यली इथून. झाड तोडतीन."

आनंदाबाई टोपलीकडे वळली. पंच म्हणून सायकल दुरुस्तीवाला नागसेन सही करायला आला, त्याने सही केली, दुसरा पंच शोधून आणला, त्यानेही केली. आनंदाबाई बोरं निवडत राहिली. किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. थोड्या वेळाने एकीकडे काय आणि दुसरीकडे काय, तिला कळेनासं झालं असावं, कारण तिने दोन्ही ढीग पुन्हा एकत्र केले.

त्या दिवशी तिने पाणी दिलं नाही.

गुरुवारी जया तिथून जात होती तेव्हा आनंदाबाई नीलेशची बकरी कानाला धरून बुंध्याशी नेत होती. "खाय ना व! रोज माह्या शेंगांवर तोंड मारते, आज नखरे करून राह्यली!" बकरीने कागद हुंगला, शिंकली, आणि मान झटकून निघून गेली. आनंदाबाईने जयाकडे पाहिलं. ती नजर जयाला दुसरीकडे कुठेही चालली असती, लोटलेल्या कुठल्याही दाराआडून. इथे चालली नाही.

मग चार दिवस असेच गेले. जया आपला रस्ता बदलून जायची. गाव तिला पुन्हा लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांसारखं झालं, एकच लांब दुपार, आणि तिच्यात रुई उडत राहिलेली.

मंगळवारी तिला तिकडून जावंच लागलं, कारण पुढच्या गल्लीत एक कागद होता. मान खाली घालून ती चालली होती.

"ए नोटीसवाली!"

आनंदाबाईने तिला तसं कधी म्हटलं नव्हतं. जया थांबली.

"एवढ्या लोकायचे घरं कागदानं लिपून काढले तू. एक तरी कागद पुरा वाचला का?"

"नाई वाचला," जया म्हणाली.

"त् मंग वाच हा. मले वाचता येत नाई. माह्या डोक्यावर काय लिवलं हाय, थे मले ऐकू दे एकडाव."

जया बुंध्याजवळ गेली. कागद उन्हाने पिवळट झाला होता, पण जागेवर होता. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सरकारी वाक्य होतं, लांब, श्वास घ्यायला जागा नसलेलं. "तमाम नागरिकांना या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, प्रस्तावित नालीच्या कामात बाधा ठरत असलेले कवठ जातीचे एक झाड तोडण्याचे योजिले आहे..."

"तमाम म्हंजे कोन?"

"तमाम म्हंजे सगळे."

"मी बी?"

"तू बी."

"बरं. वाच."

"सदर वृक्षतोडीस कोणाचीही हरकत असल्यास त्यांनी ही नोटीस लावल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी स्वरूपात कार्यालयात सादर करावी." जयाचा आवाज हळू झाला. ती स्वतःच ऐकत होती. "मुदतीत हरकत न आल्यास, कोणाचीही हरकत नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल."

"गृहीत धरून म्हंजे?"

"म्हंजे आपून काई बोललो नाई, त् आपल्याले चालते असं समजून घेतीन थे."

आनंदाबाई तिच्याकडे बघत राहिली. "मी सहा दिस तुह्याशी बोलली नाई. तू काय समजली? मले चालते म्हनून?"

"मी समजली, तू रागावली."

"मंग हापिसाले तेवढं बी समजत नाई का?"

वरून एक कवठ पडलं. दोघींपैकी कुणीच त्याला ये म्हणालं नाही. जया त्या शेवटच्या ओळीपाशी बोट ठेवून उभी होती. नऊ वर्षांत तिने शेकडो कागद लावले होते. त्यांतल्या कितींना खाली अशी एक ओळ होती? कितींनी ती न वाचता दार लोटून घेतलं होतं? तिला ती सगळी दारं एकामागून एक दिसायला लागली, खळीचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या तळाशी एक न वाचलेली ओळ.

"सात दिस कवा होतेत?" आनंदाबाईने विचारलं.

"उद्या."

"मंग उद्यापर्यंत हा कागद कोनी खाल्ला नाई पाह्यजे." आणि जिने गुरुवारी बकरी कानाला धरून आणली होती, तीच आनंदाबाई उठली, शेंगांच्या पिशवीचं प्लास्टिक उसवलं, नोटिशीवर ताणून धरलं आणि चार कोपऱ्यांना बाभळीचे काटे टोचले. मग बसली आणि तांब्या भरला. "घे. पी. घसा कोरडा पडला असंल तुहा."

बुधवारी सकाळी ती जयाला सोबत न घेता कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकान प्रेरणाचं. तिथे दाखले, अर्ज, फॉर्म सगळं होतं.

"कारण काय लिहू, आजी?"

"कारन काय लिवतं? झाड हाय नं."

"तसं नाही चालत. तुमचं नुकसान काय होणार, ते लिहावं लागतं."

आनंदाबाईने सोबत ओळखपत्र आणलं होतं, सही कशी करायची ते त्यावर बघायला. प्रेरणाने ते हातात घेतलं, विक्रीचे ठिकाण वाचलं, परत वाचलं आणि हसायला लागली. "आजी, हे कुणी लिहिलं? तुमची जागा झाडाच्या नावावर आहे. झाड गेलं तर तुम्ही बसणार कुठे? कागदावर तुमची जागाच उरत नाही."

"तेच त् सांगून राह्यली मी," आनंदाबाई म्हणाली. "झाड हाय नं."

अर्ज त्याच दिवशी दुपारी आवक खिडकीत गेला. शिक्का बसला.

शुक्रवारी सुनावणी झाली. मुख्याधिकारी नव्याने बदलून आलेले, बाहेरच्या जिल्ह्यातले, शांत बोलणारे होते. बाजूला नालीचं काम बघणारे अभियंते, अंकुशभाऊ. जया कागद देणं-घेणं करायला दाराशी उभी होती.

अंकुशभाऊंनी फाइल पुढे सरकवली. "साहेब, हरकत मुदतीबाहेर आहे. नोटीस सोमवारची. पंचनाम्यावर सोमवार आहे. अर्ज आला नवव्या दिवशी. दोन दिवस उशीर."

मुख्याधिकाऱ्यांनी फाइल चाळली. "आजी, मुदत संपल्यावर अर्ज घेता येत नाही. नियम आहे."

"मी मोजले साहेब. सात दिस झाले बरोबर. बुधवारी लावला इनं."

मुख्याधिकाऱ्यांनी फाइलमधला पंचनामा वर काढला. जयाला आपल्याच हातांचा वास आला. पंचनाम्यावर सोमवार होता, आणि त्याखाली तिची सही होती. ती गप्प राहिली असती तर कुणी काहीच विचारलं नसतं. ती गप्प राहिली तर तिचीही हरकत नाही असं धरलं जाईल.

"साहेब," ती म्हणाली, "बुधवारीच लावला. सोमवारी मले भेटला. मी दोन दिस पिशवीत ठेवला."

"का?"

"लावला नाई गेला."

अंकुशभाऊ तिच्याकडे वळले. "जयाताई, सही तुमची आहे. आता बुधवार म्हणता. फोटो आहे का?"

"माहा फोन बटनाचा हाय भाऊ. फोटो नाई निघत." मग तिला ती पांढरी दाढी आठवली. "पन कागद पाहा नं चालून. खळीत रुई बसली हाय. ओल्या खळीतच बसते थे, वाळल्यावर नाई. सोमवारी, मंगळवारी जिनिंग बंद होतं. तुमच्याच घरासमोर हाय, तुमाले त् माहीत."

अंकुशभाऊंनी फाइल मिटली. त्या सोमवारी आपल्या गच्चीवर धुतलेले कपडे रुईशिवाय वाळले होते, हे त्यांना आठवलं असावं.

स्थळपाहणी लगेचच झाली. रस्ता पाच मिनिटांचा होता, पण जयाला तो खूप लांब वाटला. मुख्याधिकाऱ्यांनी बाभळीचा एक काटा काढला, प्लास्टिक बाजूला केलं आणि कागदाची कड नखाने जराशी उचलली. खाली, वाळून काच झालेल्या खळीच्या आत, रुईचे तंतू होते. उडता उडता थांबलेले. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून झाड पाहिलं.

"हरकत मुदतीत आहे," ते म्हणाले. "अंकुशभाऊ, नाली किती सरकवता येईल?"

"वळण येईल साहेब. सरळ नाही राहणार."

"पाण्याला सरळच जायला पाहिजे असं काही आहे का?"

"नाही. उतार मिळाला की झालं."

"आजी, तुम्हाला दुसरी जागा दिली असती तर?"

"देजा नं साहेब," आनंदाबाई म्हणाली. "पन तिथं कवठ बी लावून द्या. कागदावर तसंच हाय."

ते हसले. निर्णय लेखी आला तो सोमवारी. नाली झाडापासून साडेतीन फूट सरकवून बांधायची. रस्त्याकडच्या दोन फांद्या तोडायच्या. झाड ठेवायचं. दोन फांद्या गेल्या तेव्हा आनंदाबाई तिथेच बसून होती. सावलीत एक मोठं भोक पडलं आणि दुपारी ऊन थेट तिच्या गुडघ्यावर येऊ लागलं. तिने पोतं हातभर सरकवलं.

त्याच सोमवारी दुसराही एक कागद निघाला. तो जया संध्याकाळी घेऊन आली. हातात बादली नव्हती.

"हा कुठं लावाचा?" आनंदाबाईने विचारलं.

"कुठंच नाई. हा माहा हाय. कारने दाखवा नोटीस. कागद दोन दिस पिशवीत ठेवला, अन् खोट्या तारखेवर सही केली म्हनून."

आनंदाबाईच्या हातातलं बोर तसंच राहिलं. "नोकरी जाते का व?"

"माहीत नाई."

"वाच. पुरा वाच."

जया बुंध्याला टेकून बसली आणि वाचू लागली, पहिल्या शब्दापासून. सूर्य जिनिंगच्या पत्र्यांमागे गेला होता आणि रुई आता पांढरी दिसत नव्हती, जराशी केशरी दिसत होती. सगळी वाक्यं लांब होती. ती न थांबता शेवटापर्यंत गेली. "...याबाबतचा आपला खुलासा सात दिवसांच्या आत लेखी सादर करावा."

"म्हंजे तुले बी सात दिस हायेत."

"हायेत."

"काय लिवशीन?"

"काऊन उशीर केला, थे. अन् तारीख आधीच टाकून येते, थे बी लिवीन."

"लिव, की झाडापाशी पाय थांबले."

"असं नाई लिवता येत मावशी."

"काऊन नाई येत? खरं हाय नं?"

खुलाशात जयाने नेमकं काय लिहिलं ते मला माहीत नाही. समज देऊन प्रकरण संपलं, एवढं कळलं. पंचनाम्याचे फॉर्म मात्र तेव्हापासून तारखेची जागा कोरी ठेवून येतात.

आता ती दाराशी जाते तेव्हा आधी कुंचा काढत नाही. बादली खाली ठेवते आणि कागद मोठ्याने वाचते, नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये मध्ये गावच्या भाषेत अर्थ सांगत. निवृत्त रामाजी कधी ओट्यावर बसून ऐकतात आणि म्हणतात, "आता हलगी तेवढी घे गळ्यात." दारं अजूनही लोटली जातात. पण पुरती लागत नाहीत. एक बोटभर फट राहते, आणि तिच्या मागे कुणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत उभं असतं.

मग ती कागद लावते. मोरचूद घातलेल्या खळीने.